ओसाकाचा एक बाप, त्याचे कागद आणि शेजारणी

फ्रँचायझी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चहाचे दुकान येते. पाटी एकसारखी, कप एकसारखे, चवही जवळपास एकसारखी. मालक मात्र प्रत्येक गावात वेगळा. शिकवणीचीही अशी फ्रँचायझी होऊ शकते, हे आपल्याला कोचिंगवाल्यांच्या मोठमोठ्या जाहिराती पाहून अलीकडे कळले. जपानमध्ये ते सत्तर वर्षांपूर्वी सुरू झाले. कुमोन हे नाव मुंबई-पुण्यातल्या काही वाचकांनी पाहिले असेल. फिकट निळी पाटी, आणि नावातल्या ‘ओ’ अक्षराच्या जागी डोळे-तोंड काढलेला एक चेहरा. तो चेहरा हसतही नाही, रडतही नाही. विचार करणाऱ्या मुलाचा चेहरा आहे म्हणे. आज पन्नासहून अधिक देशांत लाखो मुले या कंपनीचे कागद सोडवतात.

या कंपनीची गोष्ट नेहमी बाप आणि मुलाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती खरीच आहे, आणि शिक्षकाला आवडावी अशी आहे. पण मी बी.एड. केलेली, वीसेक वर्षे उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई आहे. ती गोष्ट वाचताना माझे लक्ष सारखे दुसरीकडेच जात होते.

आधी बाप-मुलाचे पाहू. तोरू कुमोन यांचा जन्म १९१४ चा, जपानच्या कोची प्रांतातला. तिथल्या ज्या तोसा नावाच्या शाळेत ते शिकले, तिथे मुलाने आपल्या चालीने, आपले आपण पुढे जावे अशी पद्धत होती. पुढे ओसाकाच्या विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली आणि हायस्कुलात गणिताचे मास्तर झाले. १९५४ साली त्यांचा मोठा मुलगा ताकेशी दुसरीत होता. त्याच्या खिशात आईला गणिताच्या चाचणीचा कागद सापडला, आणि त्यावरचे गुण बरे नव्हते. आईचे नाव तेइको. तिने तो कागद नवऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, बघा जरा.

गणिताच्या मास्तराच्या घरातच गणिताचा वांधा! पण मास्तरसाहेबांना आधी त्यात काही विशेष वाटले नाही. प्राथमिक शाळेचे गणित ते काय, पुढे बघून घेऊ, असेच त्यांचे मत होते. बायकोने पिच्छा सोडला नाही म्हणून त्यांनी मुलाची पुस्तके उघडली. त्यांना दिसले की पुस्तकात थोडे हे आहे, थोडे ते आहे, पण कुठल्याच गोष्टीचा हात बसेल इतका सराव नाही. बाजारातल्या सराववह्याही त्यांना पटल्या नाहीत. मग ते स्वतःच सुट्या कागदांवर गणिते लिहू लागले. रोज थोडी. बाप शाळेत असताना मुलगा घरी अर्धा तास बसून ती सोडवायचा. रात्री बाप तपासायचा आणि मुलगा कुठे अडला ते पाहून दुसऱ्या दिवसाचा कागद तयार करायचा.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि पुढचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. कुमोन हायस्कुलाचे मास्तर होते. मोठी मुले कुठे कोसळतात ते त्यांनी रोज पाहिले होते. अपूर्णांक कच्चे म्हणून बीजगणित अडते आणि बीजगणित अडले की पुढचे सगळे अंधारात. म्हणून त्यांनी उलटा हिशेब मांडला. शेवटी जायचे आहे हायस्कुलाच्या गणिताकडे, तर त्या वाटेवर जे लागते तेवढेच ठेवायचे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणे. भूमिती जवळजवळ गाळली. मोजमापे गाळली. शाब्दिक उदाहरणांना फारच थोडी जागा. वाट अरुंद पण सरळ. ताकेशी सहावीच्या वयाला पोचला तेव्हा तो अवकलन आणि समाकलनाची गणिते करत होता, जी आपल्याकडे बारावीच्या विज्ञान शाखेत येतात.

मुलगा हुशार होता म्हणून हे झाले, असे म्हणून आपण सुटू शकतो. कुमोन तसे म्हणाले नाहीत. जिथे मूल खरोखर उभे आहे त्याच्या एक पायरी खालून सुरुवात करा, म्हणजे पहिले कागद त्याला झटपट जमतील, आणि हात बसल्याशिवाय पुढे जाऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे. मूल आठवीतले असो, त्याला गुणाकार येत नसेल तर गुणाकार. मूल दुसरीतले असो, त्याला अपूर्णांक झेपत असतील तर अपूर्णांक. इयत्ता नावाच्या गोष्टीला त्यांनी या अर्ध्या तासापुरती सुट्टी दिली.

हे वाचून आपल्या लोकांना काही आठवते का? मकतबमध्ये असेच चालते. वीस मुले एका चटईवर बसलेली असतात आणि विसांचे वीस सबक. एक अजून कायद्यातली अक्षरे जोडतो आहे, त्याच्या शेजारचा पंधराव्या पाऱ्यावर आहे. प्रत्येक जण उस्तादांपुढे जाऊन आपला सबक ऐकवतो. कच्चा निघाला तर उद्या तोच सबक पुन्हा. मागचे पाठांतर रोज फिरवायचे, त्याला आमोख्ता म्हणतात. ‘इयत्ता चौथी, पान ४२, सगळ्यांनी उघडा’ हा प्रकार तिथे नाही. तीच मुले सकाळी मकतबमधून उठून शाळेत जातात आणि पान ४२ उघडून बसतात.

जपानमध्येही शाळा अशीच होती. एदो काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या, तेराकोया नावाच्या गावठी शाळांत प्रत्येक मूल आपापला कित्ता गिरवत बसे आणि गुरुजी एकेकाला बोलावून पाहत. १८७२ मध्ये मेइजी सरकारने पाश्चात्त्य धर्तीची शिक्षणव्यवस्था आणली आणि मुले इयत्तांच्या रांगेत बसली. त्यातून देश साक्षर झाला, हा लहान फायदा नव्हे. एका शिक्षकाला चाळीस मुले शिकवायची तर दुसरा उपायही नव्हता. पण मूल आपल्या पायरीवर उभे राहण्याची सोय गेली. कुमोन यांच्या कागदाने ती परत आणली. फक्त आता ती शाळेबाहेर, संध्याकाळी आणि फी घेऊन मिळू लागली.

ताकेशीची प्रगती पाहून शेजारपाजारची मुले येऊ लागली. १९५५ च्या सुमारास ओसाकाला लागून असलेल्या मोरिगुचीत पहिला वर्ग सुरू झाला. १९५८ मध्ये ओसाकात रीतसर संस्था उभी राहिली. इथून गोष्ट धंद्याची होते, आणि इथेच माझे लक्ष जाते ते त्या शेजारणींकडे.

वर्ग चालवायला माणसे कोण होती? बहुतेक गृहिणी. त्या काळातल्या जपानमध्ये मुली चांगल्या शिकत होत्या, नोकरीला लागत होत्या, आणि लग्न झाले किंवा मूल झाले की घरी बसत होत्या. कंपन्यांची तशीच अपेक्षा असे. म्हणजे प्रत्येक वस्तीत हायस्कूल-कॉलेज शिकलेल्या, घर सांभाळणाऱ्या, दुपारी थोडा वेळ हाताशी असलेल्या बाया होत्या. कुमोनच्या वर्गाला लागतेच काय? एक खोली, काही बसकी टेबले, पेन्सिली, लाल शाई आणि कागदांचा कपाटभर साठा. वर्ग आठवड्यातून दोनदा. बाकीच्या दिवशी मुलांनी घरीच कागद सोडवायचे. गणिताची पदवी लागत नाही, कारण फळ्यापुढे उभे राहून शिकवायचेच नाही. कागद शिकवतो. एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना गणित इतके थोडेसेच अवघड होते की मूल वरचे सोडवलेले उदाहरण पाहून आपले आपण पुढे सरकते. बाईंनी फक्त पाहायचे: किती वेळ लागला, किती चुका झाल्या, पुढचा गठ्ठा द्यायचा की तोच परत.

‘फक्त पाहायचे’ असे मी लिहिले खरे. शिकवणाऱ्यांना विचारा, यातच सगळे आहे. कागदावर एक चूक दिसते. ती चूक थकव्याची की न समजल्याची, हे कागद सांगत नाही. मूल दहा मिनिटांचे काम पंचवीस मिनिटांत करते. ते घाबरले आहे, कंटाळले आहे, की त्याला चष्मा हवा आहे? हे ओळखायला मुलाला नावानिशी आणि घरानिशी ओळखणारी बाई लागते. कुमोन यांचे कागद जगभर गेले ते अशा बायांच्या हातून गेले.

जपानमध्ये तेव्हा खासगी शिकवण्यांचा, त्यांच्या भाषेत जुकुंचा, सुकाळ होता. चांगल्या हायस्कूलला आणि विद्यापीठाला जाण्यासाठी इतकी कडक प्रवेशपरीक्षा असे की लोक त्याला परीक्षेचा नरक म्हणत. बाकीचे जुकु त्या परीक्षेची तयारी करून घेत. कुमोन परीक्षेविषयी बोलतच नसत. तरी पालकांना वाटे की पाया पक्का झाला की परीक्षाही निघेल. १९७४ मध्ये तोरू कुमोन यांनी आपल्या पद्धतीविषयी पुस्तक लिहिले, ते खूप खपले आणि पुढच्या दोन वर्षांत हा कारभार जवळजवळ दुप्पट झाला. त्याच साली जपानबाहेरचा पहिला वर्ग न्यूयॉर्कमध्ये निघाला. तो नोकरीसाठी तिकडे गेलेल्या जपानी कुटुंबांच्या मुलांसाठी होता. पाठोपाठ तैवान आणि ब्राझील. ब्राझीलमध्ये जपानी स्थलांतरितांची मोठी वस्ती आहेच. आपले लोक जिथे जातील तिथे लोणचे-पापडाची दुकाने जातात, तसे जपानी माणसांमागोमाग हे कागद गेले.

परक्यांनी ते स्वीकारले ते पुढच्या दशकात. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या समिटन या लहानशा गावच्या सरकारी प्राथमिक शाळेने कुमोनचे कागद थेट शाळेच्या वेळेत वापरायला घेतले. तेव्हा जपानी गाड्या आणि टीव्ही अमेरिकन बाजार जिंकत होते, अमेरिकेत काळजी पसरली होती की यांची मुले गणितात एवढी पुढे कशी, त्यामुळे या गावाची बातमी खूप लांब गेली. मला या बातमीत वेगळे काही दिसते. समिटनच्या मुलांना हे शाळेत मिळाले, संध्याकाळची फी भरून नाही. पण ते फार ठिकाणी झाले नाही. केंद्रांचा धंदा वाढत गेला, कारण शाळेला कागद विकण्यापेक्षा पालकाला विकणे सोपे असते.

पद्धतीवर टीका झाली, आणि ती योग्य होती. दररोज एकाच प्रकारची पन्नास-पन्नास गणिते करून मूल यंत्र होते, असे अनेक शिक्षकांनी म्हटले. भूमिती नाही, अंदाज बांधणे नाही, ‘का’ विचारणे नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर मी मधोमध आहे. ज्या मुलाला सातवीत भागाकार येत नाही त्याला ‘का’ विचारायला लावणे म्हणजे उपाशी माणसाला पाककृतीचे पुस्तक देणे आहे. पण ज्याला भागाकार येतो त्याला तोच आणखी दोनशे वेळा करायला लावण्यात पालकांची हौस जास्त आणि मुलाचे भले कमी. कुमोनमध्ये एकेका पातळीला २०० कागद असतात. पातळ्यांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत, आणि पालकांच्या गप्पा मुलाच्या गणिताऐवजी त्या अक्षराभोवती फिरू लागतात.

तोरू कुमोन १९९५ मध्ये वारले. ज्याच्यासाठी हे सुरू झाले तो ताकेशीही दोन वर्षांनी गेला. त्यांचे स्मारक-संग्रहालय आहे. कंपनी वाढतच राहिली.

आता त्या बायांचे पुढे काय झाले?

फ्रँचायझीचा करार साधा असतो. जागा बाईंची, भाडे बाईंचे, मदतनीस ठेवला तर पगार बाईंचा. कागद कंपनीचे, नाव कंपनीचे, पद्धत कंपनीची. दर मुलामागे, दर विषयामागे दरमहा ठरलेला वाटा कंपनीला. दुकान काढायला इतर फ्रँचायझींइतके मोठे भांडवल लागत नाही. म्हणूनच गृहिणींना ते जमले, आणि त्यातून हजारो बाया स्वतःच्या कमाईच्या झाल्या, हेही तितकेच खरे. ज्या समाजाने त्यांना लग्नानंतर घरी बसवले, तिथे त्यांना घरात बसूनच मिळवता आले. हे मी कमी लेखणार नाही. आपल्या मोहल्ल्यांतही ज्या मुलींना बाहेर नोकरीला पाठवत नाहीत, त्या ट्यूशन घेऊनच भावाची फी भरतात.

पण मग ही बाई कोण? मालकीण की नोकर? कागद ती बदलू शकत नाही. नाव बदलू शकत नाही. नियम वरून येतात, आणि तोटा झाला तर तिचा. जपानमधल्या काही केंद्रचालकांनी संघटना काढली आणि कंपनीने आमच्याशी बसून बोलावे अशी मागणी केली. तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहात, कामगार नाही, अशी कंपनीची भूमिका होती. प्रकरण टोकियोच्या श्रमिक आयोगापुढे गेले. २०१९ मध्ये आयोगाने सांगितले की संघटनेच्या कायद्यापुरते हे केंद्रचालक कामगारच आहेत, आणि कंपनीने त्यांच्याशी वाटाघाटी कराव्यात. त्याच वर्षी चोवीस तास चालणाऱ्या दुकानांच्या फ्रँचायझीवाल्यांना राष्ट्रीय आयोगाने नेमके उलटे उत्तर दिले होते. म्हणून कुमोनचा निर्णय जपानमध्ये गाजला. दुपारी लाल शाईने कागद तपासणारी बाई म्हणजे श्रम करणारी बाई आहे, हे एका सरकारी कागदावर लिहिले गेले. पहिला वर्ग निघाल्यापासून त्याला साठांहून अधिक वर्षे लागली.

ही सगळी जपानची कथा. पण नेमका हाच विचार, म्हणजे इयत्ता बाजूला ठेवून मूल जिथे आहे तिथून शिकवणे आणि ते वस्तीतल्याच बाईने करणे, मुंबईत वेगळ्या मार्गाने आला. तो कुमोनकडून घेतलेला नाही. १९९५ मध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या मुलांसाठी ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. फरीदाबाई समाजकार्य शिकवणाऱ्या प्राध्यापिका, निर्मला निकेतनच्या. आपल्या वाचकांना हे नाव माहीत असायला हवे. प्रथमने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शाळा पूर्ण केलेली तरुण मुलगी. तिसरी-चौथीतल्या ज्या मुलांना पहिलीचेही वाचन-गणित येत नाही अशी पंधरा-वीस मुले तिने शाळेच्या वेळेतच, दिवसाला दोनेक तास वेगळी घेऊन बसायचे. फी नाही.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात याचा काटेकोर अभ्यास केला. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते सर्वांत मागे असलेल्यांचे. पुढे २०१९ मध्ये दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा बालसखीचेही नाव पुन्हा निघाले. बालसखीला महिन्याला मिळत होते ५०० ते ७५० रुपये. त्या काळाच्या मानानेही ही रक्कम मानधनच होती, पगार नव्हे. मोरिगुचीची शेजारीण आणि मुंबईची बालसखी या दोघींत एवढे साम्य आहे की पद्धतीला जगभर नाव मिळाले आणि ती राबवणारीच्या हातात काय पडले याची चौकशी कोणी फार केली नाही.

आमच्या मोहल्ल्यात आज निदान अर्धा डझन मुली ट्यूशन घेतात. बहुतेकींचे डी.एड. झालेले आहे, नोकरी नाही. माझ्याकडे कोणी विचारायला आली तर मी तिला महागडी फ्रँचायझी घेण्याआधी एक महिना हे करून पाहायला सांगते. मूल येईल त्या दिवशी इयत्ता विचारायची नाही. बेरजेपासून सुरू करून दहा-दहा गणितांचे चार कागद द्यायचे आणि पहिली चूक जिथे दिसेल त्याच्या एक पायरी खाली त्याला बसवायचे. कागद हाताने लिहायचे, कारण लिहिताना मुलाची चूक आपल्या लक्षात राहते. रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही. आणि पहिल्याच दिवशी पालकांना फी स्पष्ट सांगायची, महिन्याच्या कोणत्या तारखेला हवी तेही. ‘अपनी बच्ची है, दे देंगे’ असे म्हणून आयांनी तीन-तीन महिने फिरवलेल्या मुली मला माहीत आहेत.